तिरक्या अक्षरांत निजलेल्या तीन ओळी

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
वाहतूक सिग्नल नियंत्रण कार्यालय,
तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : सिग्नलचा प्रोग्राम "विनाकारण नटवून छापल्याबद्दल" मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, जी मला टेबलावर चहाच्या कपाखाली मिळाली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खुलासा सविनय सादर करते.

१. आपल्या नियमानुसार प्रत्येक प्रोग्रामची छापील प्रत दप्तरी ठेवावी लागते. चौकांच्या सिग्नलचा प्रोग्राम दोनशे बारा पानांचा आहे. आजवर तो एकाच ठशात, एकाच जाडीत, मुंग्यांची रांग जावी तसा छापला जाई. तो कोणी वाचत नसे; वजन करून कपाटात ठेवत. माझे डोळे पन्नाशीचे आहेत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो दुसरे प्रोग्राम नीट मांडून छापतो : यंत्राला दिलेले हुकूम ठळक, माणसांसाठी लिहिलेल्या टिपा तिरक्या, डावीकडे ओळींचे आकडे, वर प्रकरणाचे नाव. पहिली पाने पाहून शिपाईमामांनी विचारले, "मॅडम, पत्रिका कुणाच्या लग्नाची?" उपप्रमुख साहेब म्हणाले, "यंत्राला कळतंय ना? मग माणसाला कळायची काय गरज?" हे वाक्य मी भिंतीवर लावणार होते, परंतु भिंतीसाठी वेगळी परवानगी लागते असे समजले.

२. पान सत्याऐंशीवर तिरकी अक्षरे सुरू झाली ती थांबेचनात. चूक माझ्याच छपाईची, असे समजून मी दोन दिवस स्वतःला शिव्या घातल्या (त्या सोबत जोडलेल्या नाहीत). तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. टीप कुठे संपली हे सांगणारी खूण लिहिणारा विसरला होता. त्यामुळे पुढची टीप संपल्याची खूण येईपर्यंतचे सगळे यंत्राने टीप म्हणून सोडून दिले. त्यात तीन खरे हुकूम होते. त्यांचा अर्थ असा : रुग्णालयासमोर सावकाश चालणाऱ्यांसाठीचे बटण दाबल्यास पादचाऱ्यांचा हिरवा दिवा चौदाऐवजी सव्वीस सेकंद ठेवावा. हे हुकूम अकरा वर्षे निजलेले आहेत. तेवढी वर्षे तिथे बटण आहे, त्याचा खांब आहे, खांबाला दरवर्षी रंग आहे. बाकी काही नाही.

३. येथे एक घरगुती बाब नमूद करणे भाग आहे. माझ्या सासूबाई गुडघ्यांच्या व्यायामासाठी रोज तो रस्ता ओलांडतात. बटण तीनदा दाबतात आणि मधोमध पोचल्या की दिवा लाल होतो. त्या तक्रार करत, आणि मी, सिग्नल कक्षाची वरिष्ठ प्रोग्रामर, त्यांना सांगत असे, "आई, तुम्ही नीट दाबत नसाल." त्यावर त्या म्हणत, "तुमचं ते बटण आणि तुझा नवरा, दोघं एका माळेचे मणी. काही करा, हलायचे नाहीत." गेल्या महिन्यात बसचालकाने करकचून ब्रेक मारला म्हणून त्या घरी आल्या. एक चप्पल आली नाही. पान सत्याऐंशी मी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून त्या तीन ओळी दोनदा वाचल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अकरा वर्षं मी बरोबरच दाबत होते." महोदय, आपल्या नोटिशीने मला लागले नाही तेवढे हे वाक्य लागले.

४. मी दुरुस्तीची परवानगी मागितली. उपप्रमुख साहेबांनी कपाटातली प्रमाणित साधी प्रत काढली, तिन्ही ओळींवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ओळी आहेत की इथे! खाली साहेबांची सहीसुद्धा आहे. मग बिघडलंय काय?" माझ्या प्रतीवर त्यांनी "सुशोभीकरण" असा शेरा मारला. त्या शेऱ्यामुळे फाइल उद्यान शाखेत गेली. उद्यान शाखेने रोपांची संख्या, जात आणि पाण्याची सोय विचारली. मी "निरंक" कळवले. "निरंक" हे कोणत्या कुळातले झाड आहे, अशी विचारणा आली. त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अद्याप सलोख्याने चालू आहे. दरम्यान आपली नोटीस आली.

५. आता कबुली. परवा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, कोणाचीही परवानगी न घेता, मी ती विसरलेली खूण टाकली. दोन अक्षरे. मग छत्री घेऊन चौकात जाऊन उभी राहिले. प्लॅस्टरमधला एक गृहस्थ गेला, एक बाई पाळणागाडी ढकलत गेली. कोणी धावले नाही. सासूबाई पलीकडे पोचल्या तेव्हा पाच सेकंद उरले होते. एवढ्या वेळाचे काय करायचे हे न सुचून त्या थांबल्या, आणि मागे वळून सिग्नलला थांबलेल्या बसचालकाकडे त्यांनी असे काही पाहिले की त्याने इंजिनच बंद केले.

सबब विनंती की नोटीस मागे घ्यावी आणि यापुढे प्रत्येक प्रोग्राम वाचता येईल असा छापू द्यावा. मी केलेला बदल नियमबाह्य आहे हे मला मान्य आहे. तो रद्द करायचा असल्यास "सव्वीस सेकंदांचे पुन्हा चौदा करावेत" असा आदेश आपल्या सहीने द्यावा. आदेश हाती पडताच अर्ध्या तासात त्याची अंमलबजावणी करीन. आपला वेळ वाचावा म्हणून मसुदा टाइप करून सोबत ठेवला आहे. सहीची जागा तेवढी रिकामी आहे.

आपली नम्र (परवा दुपारपर्यंत आज्ञाधारकही),
(सही)
वरिष्ठ प्रोग्रामर, सिग्नल कक्ष
दिनांक : नोटीस मिळाल्यापासून सहावा दिवस

सोबत :
(अ) पान सत्याऐंशी, साधे.
(ब) पान सत्याऐंशी, नटवलेले.
(क) उद्यान शाखेची पत्रे, चार.
(ड) आदेशाचा मसुदा, आणि एक पेन.