गेंडा फितूर होणार नाही

मी, मटणाच्या दुकानाचा मालक, वय एकसष्ट, यकृत आणि उजवा हात सोडून बाकी सगळे जागेवर असताना, कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र वकीलबाईंकडून लिहवून घेत आहे. भाषा बाईंची. शिव्या गाळल्या त्याही त्यांनीच.

१. दुकान, वरची खोली, सुरे आणि सत्तूर मुलीला. माझा हात गेल्यापासून दुकान तिने आणि तिच्या आईने चालवले. मी गल्ल्यावर बसून माश्या मारल्या. जावयाने सत्तुराला हात लावू नये. त्याला कांदा धड चिरता येत नाही.

२. बँकेतली शिल्लक बायकोला. धाकट्या भावाला फुटकी कवडी नाही. आईला पोचवून आलो त्या दिवशी त्याने माझे दोन दात पाडले, मी त्याचा एक. एक अजून येणे आहे.

३. माझा चेहरा. माझा मित्र चित्रकार ज्या चित्रकादंबऱ्या काढतो त्यांतला नायक तो स्वतः, आणि नायकाचा जोडीदार गेंडा म्हणजे मी. नाक, मान, टक्कल, सगळे माझे. आजवर गेंड्याला भोसकले, जाळले, पुलावरून फेकले. तक्रार नाही. चेहऱ्याचा हक्क माझा, असे पहिल्या भागातच छापले आहे. तो हक्क मुलीला.

आता शेवटच्या भागात गेंडा नायकाला शत्रूच्या हवाली करतो, असे छापखान्यातून कळले. मुलीने याला परवानगी देऊ नये.

कारण मला आणि चित्रकारालाच माहीत आहे. तिसऱ्या भागात त्याने जुगारअड्ड्याच्या मालकाला डुकराचे तोंड दिले. मालकाची माणसे दुकानात आली. चित्रकार माझ्यासमोरच बसला होता.

"चित्रं काढणारा कोण रे?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवले. मी हात पुसले आणि म्हणालो, "मीच."

त्यांनी माझा उजवा हात माझ्याच ओंडक्यावर धरला आणि माझ्याच सत्तुराच्या पाठीने एकेक बोट ठेचले. अंगठ्यापाशी पहिला दमला, मग दुसऱ्याने घेतला. मी गुरासारखा ओरडलो, पण नाव घेतले नाही. राग आला, खोटे कशाला बोलू. पण त्याचा हात गेला असता तर तो जगला नसता. मला अजून डावा होता. बोट दाखवल्याचे ते ओझे त्याला आता गेंड्याच्या पाठीवर टाकायचे आहे.

४. गेंड्याला मारायचे तर खुशाल मारा. उभा चिरा, उलटा टांगा, कुत्र्यांना घाला. मुलीने हरकत घेऊ नये. फितूर दाखवायचाच असेल तर नायक दाखवावा, आणि पुढच्या पानावर गेंडा त्याच्या शेजारीच उभा असावा.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे बाई सांगतात. म्हणून चित्रकाराच्या नावे काही ठेवलेले नाही. त्याने साक्षीदार व्हावे, आणि सगळे मोठ्याने वाचूनच सही करावी.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: १२ नोव्हेंबर
सही, डाव्या हाताने: गेंडा

साक्षीदार पहिला: शेजारचा न्हावी. वाचन ऐकले.

साक्षीदार दुसरा: चित्रकार. मोठ्याने वाचले. बोट मीच दाखवले होते. शेवटची पाने पुन्हा काढतो आहे. ती बघितल्याशिवाय याने मरू नये.