मध्यस्थीची प्रार्थना

दिग्रस,
सोमवार, १९ फेब्रुवारी २०२४

चि. दीपमाला हिस,
बाबांचा प्रेमळ सलाम.

मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखत होता, त्याची बातमी होत नाही. जिनिंग अजून चालू आहे, त्यामुळे अंगणात कापसाचे पुंजके उडून येतात आणि मी रोज झाडतो. आज शिवजयंती, डीजेच्या दणक्यानं मांडणीतली ताटं वाजताहेत. तुझ्या आईच्या कबरीवरचं गवत परवा काढून आलो.

हे पत्र निकिताच्या हातून पाठवतोय. आर्णीची ती, तुझ्यासारखीच तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करणारी. सुट्टी संपवून शुक्रवारी परत इस्राएलला निघाली आहे. सोबत जवसाची चटणी आहे. फोन तू उचलत नाहीस. पूर्वी तू मोबाइलवर शेवटची कधी आलीस ती वेळ तरी दिसायची, तेही नोव्हेंबरात बंद केलंस. टीव्हीवर रॉकेटं दाखवली की मी निकिताच्या आईला फोन करायचो. बाप असून मुलीची खबर परक्या बाईकडून घ्यायची. शिक्षा बरोबर शोधलीस. निकिता सुट्टीवर आल्यापासून तीही खबर नाही.

चर्चच्या मंडळीतली बातमी सांगायची आहे. माझ्या प्रार्थनेची ख्याती तुला ठाऊक आहेच. उपदेश झाला की आजाऱ्यांसाठी, जगासाठी देवाकडे रदबदली करायची, ती मध्यस्थीची प्रार्थना वीस वर्षं माझ्याकडे. जमनीबाई सगळ्यांसमोर म्हणते, "अण्णा उभे राह्यले की माह्या घरचा भात करपते." तर ऑक्टोबरपासून दर रविवारी मी इस्राएलचा विजय आणि त्याच्या शत्रूंचा नाश मागत होतो. बायबलातलं इस्राएल आणि तू नोकरी करतेस तो देश माझ्या डोक्यात एकच होते. शिवाय तू तिथे. पलीकडे कोण राहतं हा प्रश्नच पडला नाही. दर नाताळात आपण पुठ्ठ्याचं बेथलेहेम उभं करतो; त्या गावात आजही माणसं राहतात, सकाळी पाव आणायला जातात, हे सत्तर वर्षांच्या माणसाला कधी सुचलं नाही बघ.

विक्की उपासना मोबाइलवरून लाइव्ह दाखवतो. ती पाहून तू फोन केलास. "बाबा, तुम्ही कोनाचा नाश मागून राह्यले? तिकडं पन चर्च हाये, आपल्यासारखी मंडळी हाये. मी जिले सांभाळते त्या आजीचा भाचा ओलीस नेला, थे रोज रडते, पन थे बी म्हनते लढाई थांबवा." मी म्हणालो, पन्नास वर्षं बायबल वाचतोय, तू मला शिकवू नकोस. त्यानंतर आणखी एक बोललो. ते पुढे लिहितो.

जानेवारीत टपालानं एक पाकीट आलं. लढाईच्या पलीकडच्या बाजूच्या मंडळ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना केलेली विनंती, मराठी भाषांतरासह. उपासनेत मोठ्यानं वाचा, असं वर लिहिलेलं. सेक्रेटरी मी, म्हणून टपाल माझ्या हाती. मी ते गीतांच्या पुस्तकात दडवलं. पाळकसाहेबांनी विचारलं, काही आलंय का? मी म्हणालो, कॅलेंडर. असे चार रविवार गेले.

नीट वाचलं ते गेल्या गुरुवारी, तेही चुका काढायला. लिहिलं होतं, आश्रयाला आलेली माणसं चर्चच्या बाकांमध्ये झोपतात. प्रभुभोजनाला भाकर नव्हती. लढाई थांबावी म्हणून बोला, पण नुसती शांती मागू नका, न्यायही मागा. घर गेलेल्याला गप्प बसवणं म्हणजे शांती नव्हे. इथवर मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. पुढे होतं: ओलीस नेलेल्यांसाठीही प्रार्थना करा, ती कोणाची तरी लेकरं आहेत. ज्यांची विमानं आमच्यावर येतात, त्यांच्या आयांसाठीही करा. खाली तिथल्या सेक्रेटरीची सही, वय एकाहत्तर. दीपा, मी चार महिने त्या माणसाचा नाश मागत होतो आणि तो तुझ्या आजीच्या भाच्यासाठी प्रार्थना करत होता. मला लाज वाटली. फार लाज वाटली.

काल उपवासकाळाचा पहिला रविवार. प्रार्थनेच्या जागी मी ते पत्र वाचलं आणि दडवल्याचंही सांगितलं. आपल्या पंचांतला अंकुर उभा राहिला: "अण्णा, हे राजकारण चर्चमंदी कायले आनता?" मी विचारलं, "चार महिने मी मागत होतो ते काय होतं रे?" पाच घरं उठून गेली. उपासनेनंतर पंच बसले आणि मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडून काढून घेतली. पाळकसाहेबांनी माझा हात दाबला. फाटकाशी कोणी थांबलं नाही. एकटी जमनीबाई थांबली. म्हणाली, "पोरगी बरी हाये ना तिकडं?"

मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं.

आता ते लिहितो. त्या दिवशी फोनवर मी तुला म्हणालो, "एवढी दया येते तर जा, त्यांच्यातच जाऊन मर." तुझ्यामागे सायरन वाजत होता. तो मला ऐकू येत होता, तरी म्हणालो. तू म्हणालीस, "ठेवते बाबा, आजीले खाली न्यायचं हाये." त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

मंडळीत गेलेलं पद मला नको आहे. दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणं मला जमत होतं. स्वतःसाठी पोरीकडे कसं मागायचं ते येत नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. निकिताकडून एवढाच निरोप पाठव, की तू आहेस.

तू जगावीस म्हणून रोज हात जोडणारा, आणि तुला मर म्हणालेला,
तुझा बाप
शांतवन