चावी नंबर दोन

२ एप्रिल, सकाळी ६.१०
नवा संकल्प: रोज डायरी लिहायची. थोडक्यात, मुद्देसूद आणि शंभर टक्के खरी. माणसानं निदान स्वतःशी तरी खोटं बोलू नये. आज कारखान्यात माझं भाषण. विषय: निष्काळजीपणा. सेफ्टी ऑफिसर म्हणून हे माझं अकरावं वर्ष. जाताना लाँड्रीतून कोट घ्यायचाय. दोन मिनिटांचं काम.

९.४०
गाडी गेली.

९.५५
नीट लिहितो. लाँड्रीसमोर गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही, कारण एसी चालू हवा होता, कारण घामानं कोटाची इस्त्री मोडते. विचार करूनच केलं होतं. चावी अर्थातच आत. लाँड्रीवाला पावत्या चाळत बसला, ही त्याची चूक. बाहेर आलो तर समोर नुसता रस्ता. कोट हँगरसकट धरून चौकापर्यंत धावलो. लोकांनी वाट करून दिली.

दुपारी १.३०
इन्शुरन्समधल्या एका ओळखीच्याला सहज विचारलं. माझ्या एका मित्राची गाडी अशी गेली, म्हटलं. चावी आत ठेवली असेल तर क्लेम विसरा, म्हणाला. वर म्हणाला, असा गाढव आहे तरी कोण? मी म्हटलं, आहे एक.

घरी आलो. गाडीची दुसरी चावी बाबांच्या खणात, चष्म्याच्या जुन्या केसमध्ये असते. बाबा छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्या ताब्यातला स्क्रूसुद्धा कधी इकडचा तिकडे झाला नाही. दोन्ही चाव्यांना त्यांनी पत्र्याचे बिल्ले लावलेत, १ आणि २. १ माझ्याकडची, म्हणजे गाडीबरोबर गेलेली. बाबा जेवून पडले होते. २ ची चावी काढली, बिल्ला उपटून फेकला, चावी खिशात टाकली आणि पोलिसांकडे गेलो. चावी खिशात आहे, असं लिहून दिलं. खोटं काहीच नाही. फक्त वेळ जरा मागेपुढे.

४ एप्रिल
राहिलेलं भाषण आज झालं. मॅनेजर म्हणाले, स्वतःचंच उदाहरण द्या, एवढा सावध माणूस, तरी गाडी गेली. दिलं. टाळ्या पडल्या. मी बराच वेळ पाणी पीत राहिलो.

८ एप्रिल
इन्शुरन्सचा सर्व्हेअर घरी आला. सभ्य माणूस. दोन्ही चाव्या जमा करा, म्हणाला. मी खिशातली दिली. दुसरी? माझ्या तोंडून निघून गेलं की ती बाबांकडे असते. बाबा ताडकन उठले. आत्ता आणतो, म्हणाले. मग रिकामी केस उघडून नुसते बघत राहिले.
तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सर्व्हेअरचा चहा अर्धाच झाला होता. पाहुण्यासमोर असले विषय बरे दिसत नाहीत.

९ एप्रिल
बाबांनी अख्खं घर उलथंपालथं केलं. पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. मीही मदत केली. कपाट सरकवलं, खाली वाकून टॉर्च मारला. ही म्हणाली, तुम्ही इतकं मनापासून कधी काही शोधल्याचं मला आठवत नाही. बायकोच्या बोलण्यात कधी कधी उगाच खोच असते.
संकल्प: रविवारी बाबांना सगळं सांगायचं.

१२ एप्रिल, रविवार
बाबांचा मूड ठीक नव्हता.

१५ एप्रिल
पोरीला शाळेत सोडायला आज ही गेली. रोज बाबा जातात. आज म्हणाले, मी नको, वाटेत काही विसरलो तर? पोरीनं विचारलं, आजोबा, तुम्ही शाळेचा रस्ता विसरलात? अजून नाही, म्हणाले.
मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभा राहिलो. लाज वाटली. स्पष्टच लिहितो, लाज वाटली.

१८ एप्रिल
बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. मीच नेलं. जबाबदारी टाळणाऱ्यांतला मी नाही. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. सगळं बरोबर. मग मला विचारलं, घरात तुम्हाला यांच्यात काही बदल जाणवतो का? मी म्हटलं, थोडा.
थोडा म्हणालो मी!
महिन्यानं परत बोलावलंय. टॅक्सीत बाबा म्हणाले, चावी माझ्या हातून हरवली असं मी लिहून देतो, माझ्या चुकीपायी तुझा क्लेम अडायला नको. मी हो म्हणालो नाही. फक्त मान हलवली.

२१ एप्रिल
सर्व्हेअरनं बाबांची सही घेतली. ‘हरवली’ हा शब्द लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं. छत्तीस वर्षांत कधी लिहावा लागला नव्हता, म्हणाले. सर्व्हेअर जाता जाता म्हणाला, आता लाँड्रीवाल्याला तेवढा भेटून येतो. मला ठसका लागला.
संकल्प: उद्या सकाळी बाबांना सांगायचंच. तीन मुद्दे काढलेत.

२२ एप्रिल, सकाळी ८.००
तिसरा मुद्दा नीट जमत नाहीये.

८.२०
पोलिसांचा फोन. गाडी सापडली! पेट्रोल संपलं म्हणून चोरानं बाजारामागे सोडून दिली. मी एकटा जातो म्हटलं, पण बाबा शर्ट चढवून दारात उभे. ऐकेनात.

दुपारी
पोलिसानं गाडीचं दार उघडलं. चावी जागच्या जागी लटकत होती, बिल्ल्यासकट. काय हो साहेब, म्हणाला, खिशातली चावी इथे कशी आली? बाबा वाकले. बिल्ला बोटांत धरून वाचला. एक नंबर. मग माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघत होतो.
वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. बाबा हसायला लागले. डोळ्यांत पाणी, आणि हसतायत. म्हणाले, म्हणजे मी नव्हती हरवली! पोलिसाचा हात धरून त्यालाही सांगितलं, अहो, मी नव्हती हरवली, माझं डोकं शाबूत आहे.
माझ्यावर रागवायची त्यांना आठवणच राहिली नाही.

२३ एप्रिल
क्लेम मागे घेतला. लाँड्रीवाल्यानं सर्व्हेअरला आधीच सगळं सांगितलं होतं. पोलिसांनी नवा जबाब लिहून घेतला, दोन तास उभं करून. कारखान्यात मी दिसलो की लोक हसायचे थांबतात. ही बोलत नाही.
बाबा मात्र खुशीत. डॉक्टरांना फोन करून पुढची तारीख रद्द केली, कारण सविस्तर सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं. पोरीचं दप्तर खांद्याला लावून तिला शाळेत सोडून आले.
संध्याकाळी सर्व्हेअरकडून दोन नंबरची चावी परत मिळाली. बाबांनी तिला नवा बिल्ला लावला, केसमध्ये घातली, केस खणात ठेवली. मी माफी मागायला तोंड उघडलं. राहू दे, म्हणाले. मग खणाला कुलूप लावलं. आजवर कधी लावलं नव्हतं. कुलपाची किल्ली त्यांनी पोरीच्या हातात दिली.
पोरगी सात वर्षांची आहे. मला म्हणाली, पप्पा, चावी हवी असली तर मला विचारूनच घ्यायची हं.
हो म्हटलं.