आखूड दोर

६ सप्टेंबर १९५४, सोमवार

केशव.

लिहून टाकलं एकदाचं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण नाव कधी तोंडानं घेतलं नाही, कागदावरही उतरवलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे! आता काय कमी व्हायचं राहिलंय? केशव, केशव, केशव.

मागच्या मंगळवारी हे सरकी काढायच्या जिनाच्या छपरावरून पडून गेले. कापसाचा हंगाम तोंडावर आला म्हणून गंजलेली टिनं बदलणं चाललं होतं. पाऊस नुकताच थांबलेला. हे तिथले फिटर, सगळं काम ह्यांच्याच देखरेखीखाली. कमरेला दोर होता. दोर तुटला नाही. तरी वळचणीच्या बाहेर घसरले, लोंबकळले, आणि डोकं भिंतीच्या दगडी खांबावर आपटलं. आर्वीच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

दोर असून माणूस जातो कसा? कुणी धड सांगत नाही. विचारलं की खाली बघतात.

शेजारच्या वच्छलाबाई रोज येऊन बसतात. "एखादं लेकरू तरी असतं तं मन लागलं असतं वं बाई तुह्यं." मी पाट पुढे सरकवला — बसा. तोंडात आलं होतं ते बोलले असते तर अख्खं रोहणा गाव गोळा झालं असतं.

माय गोठ्याच्या दाराशी बसून असतात. माय म्हणजे सासूबाई. हे माय म्हणत म्हणून मीही तेच म्हणते. बैलांना पाणी दाखवायला तेवढं उठतात. रडत नाहीत. त्यांच्याकडे पाहिलं की मलाच रडू येतं.

७ सप्टेंबर

ह्यांच्या सदऱ्याला अजून जिनातल्या तेलाचा वास आहे. धुवायला टाक म्हणे! नाही टाकणार.

९ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळं कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

रूपराव आले होते. ह्यांच्या हाताखाली टिनं लावणारे, वयानं मोठे, त्या दिवशी छपरावर शेजारीच होते. माय बैल घेऊन नाल्यावर गेल्या तशी हळूच म्हणाले, "वहिनी, दोर लांब होता."

मला आधी समजेचना. केशवचा दोर लांब? आखूड दोराचं ज्याला वेड होतं त्याचा?

त्याचा तो कायदाच होता. छपरावर चढेल त्याच्या कमरेला दोर. छपराच्या मधोमध, आढ्यावर, लोखंडी खुंटे बसवून घेतले होते. दोराच्या दुसऱ्या टोकाचा फास त्या खुंट्यात. आणि दोर इतका आखूड की माणूस वळचणीपर्यंत पोचूच नये. "पडल्यावर धरणारा दोर काय कामाचा? हिसक्यानं माणूस मोडतो. पडायच्या जागेपर्यंत जाऊच द्यायचं नाही!" वळचणीजवळची टिनं मग खालून, शिडीवरून लावायची. माणसं चिडवत — "फिटरसायेब, आमी काय बैल आहो का दाव्याले बांधाले?" हे म्हणत — हो! आणि वळचणीपलीकडे दुसऱ्याचं हिरवं पीक उभं आहे असं समजा!

मीसुद्धा कमी चिडवलं नाही. तर एकदा घरीच करून दाखवलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि मला म्हणाले, ते भाजलेले शेंगदाणे ठेव चुलीपाशी. हात लांबवला तर बोटभर कमी पडला! मी ताटली जवळ सरकवायची आणि पुन्हा मागे ओढायची. हसून हसून पोट दुखलं होतं. माय बाहेरून ओरडल्या, "काय चाल्लं रे घरात?"

मग लांब दोर आला कुठून? तर पोळ्याला माय घरातले सगळे दोर बदलतात. वेसणी, मोरक्या, कासरे — सगळं नवं, आणि अंबाडीचा वाख वळायचा तो स्वतःच्या हातानं. यंदा एक दोर जास्तीचा वळला. "बैलाले नवा, अन् माह्या लेकाले जुनाच काऊन?" चांगला लांबसडक वळला. हात आखडून कुणी आखूड वळतं का लेकासाठी! दोन्ही टोकांना फासे करून दिले. बैलांच्या दोरांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं, ओवाळलं. मीच आरती हातात दिली होती.

आणि देताना मायनी घरची रीत बजावली की पोळ्याला पुजलेल्या दोराला पुढच्या अमावास्येपर्यंत विळा लावायचा नाही आणि गाठ मारायची नाही.

हे नुसते हसले होते. "माय, एवढ्या दोरात तर दोन बैल चरून येतील!" पण घेऊन गेले.

छपरावर ह्यांनी फास खुंट्यात अडकवला आणि जास्तीच्या दोराचे वेढे त्याच खुंट्याला वर गुंडाळले, म्हणजे तेवढा आखूड झाला. रूपराव म्हणतात, "म्या म्हनलं होतं, गाठ मारा. तं म्हने, राहू दे, मायनं पुजला हाय. वेढ्यानं भागते." नवी अंबाडी, ताठ. पाय घसरला, दोराला हिसका बसला, आणि वेढे खुंट्यावरून उसळून निघाले. खालचा फास जागच्या जागी राहिला. दोर पुरा मोकळा झाला — मायनी वळला होता तेवढा.

रूपराव रडत होते. मी नाही रडले. माय नाल्यावरून येताना दिसल्या म्हणून डोळे कोरडे ठेवले.

१० सप्टेंबर

माय समोर आल्या की अंगाचा भडका उडतो. खरं तेच लिहिते, इथे कोण वाचणार आहे? आज वाटलं, खांदे धरून गदागदा हलवावं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला! कशाला वळला तो मेला दोर!

आणि केशवचाही राग येतो. जगाला शहाणपण शिकवायचं आणि आईपुढे तोंड उघडायचं नाही! एक गाठ, एवढंच. माय चार दिवस फुगून बसल्या असत्या, पाचव्या दिवशी विसरल्या असत्या. एक गाठ मारायला काय झालं होतं तुम्हाला हो?

संध्याकाळी मायनी माझ्या ताटात भाकर कुस्करली, वर कढी ओतली आणि पुढ्यात बसल्या. "खाय वं. तू नाई खात तं माह्याबी गळ्याखाली उतरत नाई." खाल्लं मी. त्यांच्या बोटांना अजून अंबाडीनं पडलेल्या चिरा आहेत.

१३ सप्टेंबर, सोमवार

काल तेरवी झाली.

जिनाचे म्यानेजर वासुदेवराव आले होते. पंगतीत चार लोकांत म्हणाले, "आपण मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण जो दुसऱ्यांना आखूड दोराचे धडे देतो, त्यानंच आपला दोर लांब ठेवावा? याला लापरवाहीच म्हणावं लागते." माना डोलल्या! ज्यांच्या कमरेला केशवनं स्वतः दोर बांधून दिले त्यांच्याही डोलल्या. रूपराव माझ्याकडे बघत राहिले. मी पत्रावळीवर भात वाढत राहिले.

नागपूरहून सरकारी कारखाना-इन्स्पेक्टर चौकशीला येणार आहेत. घरच्यांचंही म्हणणं लिहून घेतील.

दादा वर्ध्याहून आला होता. "शरयू, आता इथे तुझं काय राहिलंय? शाळेतली नोकरी तुला तिकडेही मिळेल. दसऱ्याला न्यायला येतो." मी हो म्हटलं. माय ओसरीवर पत्रावळी उचलत होत्या. त्यांनी ऐकलं असावं.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत जायला लागले. मुली नेहमीपेक्षा शहाण्यासारख्या बसल्या, त्यानंच जीव कासावीस झाला. दंगा केला असता तर बरं वाटलं असतं.

येताना जिनावरून आले. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलंच. छपरावर माणसं होती आणि एकाच्याही कमरेला दोर नव्हता! एक जण तर वळचणीवर उकिडवा बसून विडी ओढत होता.

रूपराव खाली उभे होते. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "कोनी आयकतच नाई, वहिनी. म्हंतेत, दोरानंच फिटरसायेबाले नेलं. खुद त्याहीलेच नाई वाचवलं, तं आमाले काय वाचवन?"

म्हणजे माणूस तर गेलाच, वर त्याचा शब्दही गेला. तीन वर्षं भांडून भांडून बांधायला लावले होते ते दोर. हसणं ऐकून घेतलं, शिव्या ऐकून घेतल्या. आता त्याच्या नावानं काय उरलं? लापरवाही!

२० सप्टेंबर, सोमवार

उद्या इन्स्पेक्टर.

खरं सांगितलं तर केशवचं नाव धुऊन निघेल. दोर त्यानं लांब घेतला नव्हता, त्याला लांब दिला होता, आणि आईनं गाठ मारू नको म्हटलं होतं. मग माणसंही ऐकतील, दोर पुन्हा बांधतील.

पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माय, तुमच्या हातानं गेला? गावात एकदा माहीत झालं की पाणवठ्यावर येता-जाता बायका तेच बोलतील. आणि त्या काय करतील? ही बाई जगेल का तरी?

न सांगावं तर केशव कायमचा बेफिकीर ठरला. कुणाचं राखू? एक गेलेला, एक राहिलेली. गेलेला माझा होता हो!

मायनी सकाळी विचारलं, "उद्या सायेब तुले काय इचारन?" म्हटलं, काही नाही, नाव-गाव विचारतील. त्या मग वैरण घालायला गेल्या.

२१ सप्टेंबर, मंगळवार

नाही सांगितलं.

साहेब बरे होते. खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, दोर लांब का होता, काही कल्पना?" वासुदेवराव मागे उभे. रूपराव दाराशी, त्यांना मीच आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं, माझ्याआधी बोलू नका. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

कारकुनानं लिहिलं — मयताची स्वतःची हयगय. वाचून दाखवलं. खाली माझी सही घेतली. वर्गात मुलींना सांगते, खोट्याखाली सही करू नये. आणि केली! केशव, मी तुझ्या नावावर काळं फासून आले. मला क्षमा करू नकोस. पण तूही हेच केलं असतंस. तूही तिचंच मन राखलंस आणि जीव घालवलास.

घरी आले तर मायनी पाय धुवायला पाणी काढून ठेवलं होतं. "काय लिवलं सायेबानं?" सांगावं लागलं. हयगय हा शब्द त्यांनी दोनदा विचारून घेतला.

२२ सप्टेंबर, बुधवार

साहेब दुपारच्या मोटारीनं परत जाणार होते. त्याआधी माय जिनात जाऊन आल्या. एकट्या, पायी. मी शाळेत होते. रूपराव धावत सांगायला आले. आधी छपराखाली उभ्या राहून ओरडल्या, "उतरा खाली! आखूड दोर बांधल्याबिगर चढान तं याद राखा!" मग साहेबांपुढे गेल्या. "लिवा. दोर म्या वळला. लांब म्या केला. गाठ मारू नोको, हेबी म्याच म्हनलं. माह्या लेकाची हयगय नाई." खाली अंगठा दिला.

घरी पळत आले. माय, तुम्हाला हे कधी कळलं?

"घरी आनला तवाच. कमरेचा दोर म्याच सोडला ना वं. एक गाठ नोयती त्याले."

मग इतके दिवस बोलला का नाहीत?

त्या चूल फुंकत होत्या. मान वर केली नाही.

"तुले समजन तं तू मले सोडून जाशीन वाटे. आता सांगून टाकलं. जाय, बाई."