जिन्याचा रंग

९ सप्टेंबर

घर बघायला आलेलं आजचं जोडपं आत शिरलंसुद्धा नाही! मी पिठाचे बोरसोक तळून, चहा मांडून बसलेली — आणि ते जिन्यातूनच परत. वाकून बघितलं तर बाईनं नाकाला रुमाल लावलेला.

घरं विकून देणारी नुरझात मग एकटीच वर आली. जोडे काढता काढता म्हणाली, "बुरुल आपा, तुमचं घर लख्ख आहे. पण भाव खालच्या दारातच पडतो." खिडक्या नव्या बसवल्या, न्हाणीघराची फरशी बदलली — ते बघायला माणूस वर तर यायला हवा! जिन्यात मांजरांच्या मुताचा वास, भिंतींना पोपडे, कठडा हलतो. जिना असा, तर भिंतीतले पाईप कसे असतील, असं लोकांच्या मनात येतं म्हणे. लवकर विकायचं असेल तर एका खोलीची किंमत सोडून द्या, म्हणाली.

एक खोली. सोडून द्या. किती सहज बोलतात.

१० सप्टेंबर

तिलेकचा अल्मातीहून फोन. हिवाळ्याच्या आत ये, आई. इथलं विकलं की त्या पैशांत तो मोठं घर घेणार, त्यात मला खोली. मागून सून म्हणाली, खिडकीतून डोंगर दिसतील.

डोंगर इथून, बिश्केकमधूनही दिसतात.

१४ सप्टेंबर

अंगणात सगळ्यांना जमवलं. सगळे मिळून जिना दुरुस्त करू या, म्हटलं. बायका चपला बघत उभ्या. तळमजल्यावरचा जुमाबाय तेवढा बोलला — "विकून जाणार तू, आणि घासायचं आम्ही?"

चिडचिड झाली ती त्याच्यावर की स्वतःवर, कळेना. खोटं बोलला असता तर नुसता राग आला असता; हे खरं होतं.

१५ सप्टेंबर

एकटीनंच सुरुवात केली. जुना रंग खरवडताना निम्मा गिलावाच हातात आला. कंबर धरली.

संध्याकाळी अलिमान शिवणाच्या कारखान्यातून आली. बाहीला दोरे चिकटलेले. काही न विचारता माझ्या हातातली लोखंडी पट्टी घेतली आणि लागली खरवडायला. दुसऱ्या मजल्यावर ती भाड्यानं राहते, नवरा रशियात बांधकामावर, सोबत म्हातारी सासू. घर दुसऱ्याचं, जिना सगळ्यांचा. तुला काय मिळणार गं यातून, असं विचारलंच मी.

"सासूबाईंना दिसत नाही, आपा. चाचपडत उतरतात. भिंत हाताला टोचते त्यांच्या."

२२ सप्टेंबर

जुमाबाय वेल्डिंगचं यंत्र घेऊन आला! तुझ्यासाठी नाही हं, असं दोनदा बजावलं. कठडा पक्का केला, मग फुटलेल्या पायऱ्यांना सिमेंटही लावलं. त्याच्या बायकोनं दाराशी दिवा बसवून घेतला. त्या दिवशी चपला बघणाऱ्या आज बादल्या घेऊन हजर. रंगावरून मात्र जुंपली. शेवटी खाली हिरवा, वर पांढरा. अलिमाननं ब्रश कुणाला दिला नाही. कडेची रेघ इतकी सरळ, जशी शिलाईच घातली.

३० सप्टेंबर

तिसऱ्या मजल्यावरचा दारुडा आज खाली बूट पुसून वर चढला.

६ ऑक्टोबर

घर ठरलं. सांगितलेल्या भावात, घासाघीस नाही. नवरा-बायको दोघं डॉक्टर. बाई जिन्यातच म्हणाली, इथली माणसं नीट राहतात असं दिसतंय. शुक्रवारी इसार.

आनंद व्हायला हवा. कपाटातले पेले कागदात गुंडाळले. मग चहाला लागतील म्हणून सोडले. मग पुन्हा गुंडाळले. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. काय शोधते आहे मी?

९ ऑक्टोबर

अलिमानचा घरमालक आला होता. नळ गळून भिंत भिजली, ती फोन करून थकली, तेव्हा नाही आला. आज आला. जिन्यातल्या भिंतीवरून हात फिरवत माझ्याकडे बघून म्हणाला, छान केलंत, आपा. मग वर गेला आणि तिला महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं. विकणार आहे. माझ्या घराला काय भाव आला ते त्याला कळलंय.

अलिमान रडली नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली — नवीन घर मिळेलही, पण सासूबाईंच्या पायांना हा जिना पाठ आहे.

रंग तिच्या नखांत अजून तसाच.

१० ऑक्टोबर

नुरझातकडे गेले. म्हणाली, मी काय करू? जिना सुधारला की सगळ्याच मजल्यांचा भाव चढतो. त्यासाठीच केलंत ना?

मग मालकाला फोन लावला. भाडं थोडं वाढवा पण तिला राहू द्या, म्हटलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं.

"आपा, तुम्ही विकताय. मीही विकतोय. माझ्यात आणि तुमच्यात फरक काय?"

फोन ठेवला. जेवण गेलं नाही. खिडकी उघडली, बंद केली, उघडली.

११ ऑक्टोबर

इसार घेतला नाही. डॉक्टरबाईंची माफी मागितली. नुरझात बरंच बोलली, बोलू दिलं.

दुपारी जुमाबायनं मागच्या खोलीतलं कपाट हलवून दिलं, अलिमान आणि तिच्या सासूबाईंच्या खाटा तिथं मावाव्यात म्हणून. आता तिलेकला फोन करायचाय — घर विकत नाही, आणि आम्ही इथं तिघी राहतो.