डॉक्टर कवटीकरांचा आवाज

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय कृष्णा भाऊजी,

आशावहिनीचा नमस्कार. नांदेडला सगळे मजेत असाल. जाऊबाईंचे गुडघे आता कसे आहेत? इथं आमचं ठीक चाललंय. आमची प्रेरणा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत तुमचा फोन आला तेव्हा हे बोलायला आले नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका. त्याचं सांगते पुढं.

आधी गंमत ऐका. तुम्ही दोघा भावांनी केलेल्या सिनेमाची कॅसेट प्रेरणाला माळ्यावर सापडली. 'डॉक्टर कवटीकरचा प्रयोग'. तिनं ती मैत्रिणींना दाखवली आणि पोरींनी थेट कॉलेजच्या हॉलमधे खेळ ठेवला. मी जीव मुठीत धरून गेले. पहिल्यांदा जत्रेतल्या तंबूत दाखवला तेव्हा तुम्ही लोकांना घाबरवायला केलेल्या भुताला लोक हसले होते आणि तुम्ही पडद्यामागं तोंड लपवून बसला होता, तेच आठवत होतं.

याही वेळी लोक हसले. पण लई प्रेमानं. हे डॉक्टर कवटीकर, वेड्या शास्त्रज्ञाच्या वेशात, बरणीत मेंदू म्हणून फूलगोबी. "हा मेंदू जगावर राज्य करील," म्हणून हे हात वर करतात आणि मागून बकरी येऊन मेंदू खाऊन टाकते. पोरं खुर्चीवरून पडायची बाकी होती. तुम्हाला तो तुकडा कापायचा होता, ह्यांना ठेवायचा होता. "दादा, तू माझ्या भुताचा तमाशा केलास," म्हणालात आणि नांदेड धरलंत.

खेळ संपल्यावर एका पोरीनं ह्यांना विचारलं, "काका, हा सिनेमा कुणाचा?" ह्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'बकरी माझी. बाकी सगळा माझ्या भावाचा.'

पाटी का, ते आता सांगायलाच हवं. गळ्यात गाठ निघाली होती. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. आता धोका नाय म्हणतात, जेवण जातं, सकाळी तलावापर्यंत फिरून येतात. आवाज मात्र गेला. तुम्हाला कळवते म्हटलं तर लिहिलं, 'कृष्णा कीव करत येईल. तसा नको.' म्हणून गप्प राहिले. फोनवर हे मला सांगता आलं नसतं.

आता काम निघालंय. कॅसेटमधला आवाज पार खरखरतो, म्हणून पोरी सगळे संवाद नव्यानं भरून घेणार आहेत. डॉक्टर कवटीकरांसाठी पुण्याचा नट बघू म्हणत होत्या. ह्यांनी मान हलवली आणि पाटीवर तुमचं नाव लिहिलं. खरंच आहे ते. दिवाळीत तुम्ही फोनवर नुसतं "आशावहिनी आहे का घरात" म्हणालात, तर मी वळून ह्यांच्याकडंच बघितलं. ह्यांचाच आवाज, अगदी तसाच.

मी विचारलं, "आता बोलवू का?" तर लिहिलं, 'कामासाठी बोलाव. दिग्दर्शक लागतोच.' आणि किती दिवसांनी गालात हसले.

तेव्हा या. गाडी मुकुंदवाडीला थांबते, तिथंच उतरा. हे स्वतः न्यायला येणार आहेत, माझं ऐकत नाहीत. फलाटावर गर्दी असेल आणि ह्यांना हाक मारता येणार नाही.

तुम्हीच मारा.

तुमची,
आशावहिनी