रंगाचं निमित्त

९ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी आरशात बघितलं आणि घाबरलेच! पापण्या टम्म फुगलेल्या, गाल लालभडक, मानेपर्यंत खाज. मास्तर चहा घेऊन दारात उभे. "रडलात का रात्री?" म्हणाले. नाही म्हटलं. पटलं नसावं. लग्नाला पंधरवडा नाही झाला आणि बायको सुजल्या डोळ्यांनी उठते – माणसानं काय समजायचं?
शाळेत चित्रकला शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मीही तेच म्हणते. 'अहो' तोंडात येत नाही. ती हाक ह्यांची, माझ्या पहिल्या नवऱ्याची होती. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी.

११ फेब्रुवारी
काल दुकानात हसं झालं. दुकान चष्म्याचं, आणि फ्रेम लावून देणारीचेच डोळे मिटलेले! मालक म्हणाले, "बाई, तुम्ही आत बसून काचा पुसा. गिऱ्हाईक म्हणेल, इथला चष्मा घातला की असं होतं." मीही हसले. दुपारनंतर जरा उतरलं. आज सकाळी उठले – पुन्हा तेच.

१२ फेब्रुवारी
साबण बदलला. क्रीम बंद. उशीचे अभ्रे उकळून काढले. ढिम्म फरक नाही.

१९ फेब्रुवारी
चार दिवस झाले, ताईकडे आहे. चेहरा निवळला! ताईनं हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "तुला हे लग्नच मानवत नाहीये. मनातलं अंगावर येतं, बाई."
काहीतरीच! मास्तर भला माणूस आहे. मी बोलता बोलता एकदा म्हणाले होते, पिवळी खोली आवडते – तर लग्नाच्या आठवड्यात स्वतः शिडीवर चढून भिंती रंगवल्या. अशा माणसाची ॲलर्जी?
पण मग इथेच बरं का वाटतं?

२३ फेब्रुवारी
घरी आले, पुन्हा सुजले. काल रात्री मास्तर आपणहून बाहेरच्या खोलीत झोपले. "माझ्यामुळे होत असेल तर..." म्हणत गादी काखोटीला मारून गेले. मी दार लावून घेतलं. आज नेहमीपेक्षा जास्त सूज! म्हणजे कारण ते नाहीत? की ते गेले म्हणून? डोकंच चालेना.

२६ फेब्रुवारी
कशाची ॲलर्जी आहे ते बघायला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठभर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. पाठ भिजवायची नाही. मास्तर म्हणाले, "वर्गाचं वेळापत्रक लावल्यासारखं दिसतंय."

२ मार्च
एका चौकोनाखाली लालबुंद पुरळ. सापडलं! एक प्रिझर्वेटिव्ह. नाव लांबलचक, बाईंनी दोनदा सांगूनही जीभ वळली नाही. शाम्पूत असतं, भांड्यांच्या लिक्विडमध्ये असतं – आणि भिंतीच्या रंगात! डब्यातला रंग नासू नये म्हणून घालतात. भिंतीला दिल्यावरही कितीतरी आठवडे हवेत येत राहतं. खोली बंद असली की जास्तच.
"म्हणजे मी नाही!" मास्तर दवाखान्यात केवढ्यांदा ओरडले. नर्स हसली. मग एकदम चेहरा पडला. "पण रंग मीच दिला की."
बाईंनी मला विचारलं, "ही ॲलर्जी आधीपासून अंगात मुरलेली असणार. ओले वाइप्स वापरायचात का कधी, रोज?"
ह्यांच्या आजारपणात. अंग पुसायला, शेवटपर्यंत. बोटं चिरायची तेव्हा. वाटायचं, कामानं असेल.
"हो," एवढंच म्हणाले. कुणासाठी ते मास्तरांनी विचारलं नाही. कळलंच असणार.

४ मार्च
ताईकडे आले. मास्तर भिंती खरवडून चुना देणार. साध्या चुन्यात ते घालावं लागत नाही, म्हणे. शाम्पू आणि लिक्विड बाईंनी सांगितलेलं आणलं.

२२ मार्च
चेहरा स्वच्छ. दुकानात पुन्हा पुढे बसते. मास्तरांचा रोज फोन – "चुन्याचा दुसरा हात झाला", "खिडक्या उघड्याच ठेवल्यात". ताई म्हणाली, "चुकलंच माझं. बिचाऱ्याला उगाच बोल लावला." सगळा उलगडा झाला. मग हलकं का नाही वाटत? घरी न जायला आता निमित्तच उरलं नाही.

२७ मार्च
मास्तर न्यायला आले. नखांत चुना. दारातच माझ्या चेहऱ्याकडे बघून इतके हसले!
"अजून थोडं खाजतंय," मी म्हणाले. "राहते आणखी थोडे दिवस."
कुठेच खाजत नव्हतं.